ग्रामसभेत आपला विषय ठरावापर्यंत कसा न्यावा

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, आटपाडी आणि जतकडच्या गावांत, मी ग्रामसेविका म्हणून नोकरी केली. ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिणं हा त्या नोकरीचा भाग. सभेत कोण किती जोरात बोललं हे चार महिन्यांनी कुणाच्या लक्षात राहत नाही. वहीत जे लिहिलं गेलं तेच पंचायत समितीत चालतं, लेखापरीक्षणात चालतं, वाद कोर्टात गेला तर तिथंही तेच उघडलं जातं. सभेत पोटतिडकीनं बोलणारी माणसं मी खूप पाहिली. त्यांचं म्हणणं ठरावात आलं नाही म्हणून कामही झालं नाही, हेही पाहिलं. हा मजकूर अशा माणसांसाठी आहे. रस्ता, पाणी, गटार, स्मशानभूमीची वाट, शाळेची गळकी खोली, यातलं काहीही असो, तुमचा विषय सभेत कसा आणायचा आणि वहीत नीट कसा उतरवून घ्यायचा, ते सांगते.

कोणती सभा, कुणाची सभा

ग्रामपंचायतीची मासिक सभा वेगळी आणि ग्रामसभा वेगळी. मासिक सभेत सरपंच आणि निवडून आलेले सदस्य ठरवतात. ग्रामसभेत गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण सभासद असतो, हात वर करण्याचा हक्क त्याचा स्वतःचा असतो. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हापासून ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा आहे.

म्हणून पहिलं काम मतदारयादी बघण्याचं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव कित्येकदा वर्षानुवर्षं माहेरच्या यादीतच राहतं. ती या गावात पाणी भरते, मुलं इथल्या शाळेत घालते, पण ग्रामसभेत तिचं मत धरता येत नाही. तिचं नाव इकडे आणण्याचा अर्ज भरून टाका. मुंबई-पुण्याला गेलेल्यांचंही तसंच. नाव गावात ठेवलं असेल तर सभेत मत आहे, तिकडे नेलं असेल तर ते पाहुणे म्हणून बसू शकतात.

काही ठिकाणी सांगतात, 'आधी घरपट्टी भरा, मग बोला.' घरपट्टी जरूर भरावी, गावाचा कारभार त्यावर चालतो. पण थकबाकी आहे म्हणून ग्रामसभेत बोलायला बंदी करता येत नाही. सभासदत्व मतदारयादीवरून ठरतं.

तारखा आणि अर्ज

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. नेहमीच्या सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, विशेष सभेची चार दिवस आधी. पूर्वी दवंडी पिटायचे. आता घंटागाडीच्या भोंग्यावर पुकारतात किंवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. तरी पंचायतीच्या फळ्यावरची नोटीस स्वतः जाऊन वाचा आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा, कारण विषयपत्रिका तिथं असते.

या विषयपत्रिकेच्या तळाला एक ओळ हमखास सापडेल, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. लोक समजतात, आपण त्या वेळी उठून बोलू. तिथवर पोहोचेपर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असतात, बायका स्वयंपाकासाठी घरी परतलेल्या असतात, आणि घाईघाईत काहीतरी दोन ओळी लिहून वही बंद होते. ज्या विषयाची गावात आधी कुणाला कुणकुण लागू द्यायची नसते, तोही इथूनच आत येतो. त्यामुळे तुमचा विषय छापील पत्रिकेत यायला हवा, ऐनवेळच्या गर्दीत नको.

त्यासाठी नोटीस निघायच्या आधी अर्ज द्या. सभेच्या पंधरा दिवस आधी दिलेला बरा. साध्या कागदावर, सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या नावे. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून २०२४ साली 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नवं नाव दिलं गेलं, पण गावात अजून भाऊसाहेब आणि मॅडमच म्हणतात.) अर्जात गोलगोल लिहू नका. 'आमच्या वस्तीच्या समस्यांबाबत' असा विषय दिला तर पत्रिकेतही तेच छापून येईल आणि चर्चाही तशीच होईल. 'खालच्या वस्तीवर पिण्याच्या पाण्याची जोडवाहिनी टाकणे' असं लिहा. दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. या पोहोचेला फार किंमत आहे. पोहोच असलेला अर्ज टाळायला मला लेखी कारण द्यावं लागायचं. नुसत्या तोंडी सांगण्याला तसं बंधन नसतं.

पैसा कोणत्या हेडचा

लोक मागणी घेऊन येतात, पण पैसा कुठून येणार हे त्यांनी पाहिलेलं नसतं. मग सरपंच म्हणतात 'निधी नाही', आणि विषय संपतो. तुम्ही हेड, म्हणजे पैसा कोणत्या शीर्षाखालून यायचा ते, सांगितलात तर हे उत्तर देता येत नाही.

पंचायतीकडे साधारण तीन वाटांनी पैसा येतो. पहिली वाट वित्त आयोगाची. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के निधी बंधित आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी होती. बंधित म्हणजे निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पिण्याच्या पाण्याला. समजा गावाला वर्षाला १० लाख आले, तर ३ लाख पाण्यासाठी, ३ लाख स्वच्छतेसाठी आणि ४ लाख गावाच्या इतर गरजांसाठी. अबंधितातूनही पगार आणि कार्यालयीन खर्च करता येत नाही. आयोग बदलला की नियम बदलतात, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक ग्रामसेवकाकडे मागून वाचा. सभामंडपासाठी बंधित निधी मागितलात तर मागणी तिथंच पडेल. पाण्याच्या वाहिनीसाठी मागितलात तर ती उभी राहील.

दुसरी वाट गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाची, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर, गाळ्यांचं भाडं. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ही टक्केवारी सभेत मोठ्यानं विचारा. किती जमले, किती खर्च झाले, कुणावर झाले? माझ्या अनुभवात दिव्यांगांचे ५ टक्के सगळ्यांत जास्त विसरले जातात, कारण तो माणूस सभेपर्यंत येऊच शकत नाही. त्याच्या वतीनं शेजाऱ्यानं विचारलं तरी चालतं.

तिसरी वाट योजनांची. घरकुल, जलजीवन, रोजगार हमी, जिल्हा परिषदेच्या योजना. तिथं पंचायत पैसा देत नाही, पण लाभार्थी निवड, जागा, कामाची निकड यावर ग्रामसभेचा ठराव लागतो.

केंद्राच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणत्याही ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च दिसतो. गावातला कॉलेजला जाणारा एखादा मुलगा-मुलगी हाताशी धरा, मोबाइलवर गावाचं नाव टाकून आराखडा काढा आणि त्याची छापील प्रत सोबत न्या. कागद हातात असलेल्या माणसाशी सगळे जरा जपून बोलतात.

पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. तुम्हाला काम पुढच्या आर्थिक वर्षात हवं असेल तर विषय त्याच सभेत यायला हवा. मार्चमध्ये मागणी केली तर उत्तर मिळतं, 'आराखड्यात नाही.' हे उत्तर नियमाला धरून असतं, त्यामुळे त्यावर भांडून काही मिळत नाही.

आकडा काढा

जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं माप धरलं आहे. वस्तीवर ४८ घरं आणि २४० माणसं असतील तर रोजची गरज १३,२०० लिटर. दहा-बारा हजार लिटरचा टँकर रोज एक आला तरी ती भागत नाही. हा हिशेब वहीच्या पानावर करून न्या. 'आमच्याकडं पाणीच नाही ओ' असं दहा जणींनी म्हणण्यापेक्षा एकीनं 'रोज १३,२०० लिटर लागतं, येतं ४,०००' असं सांगितलं तर इतिवृत्तात तो आकडा लिहावा लागतो. आकडा एकदा लिहिला गेला की पुढच्या सभेत त्याबद्दल विचारता येतं.

रस्त्याचं असेल तर पावलांनी मोजून मीटर सांगा. गटाराचं असेल तर कुठून कुठपर्यंत ते सांगा, दोन्ही टोकांच्या घरांच्या किंवा देवळाच्या खुणेसह. अंदाजे चालतं, अचूक मोजणी अभियंता नंतर करतोच.

महिला सभा वगळू नका

प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. खरं सांगायचं तर पुष्कळ गावांत शिपाई वही घेऊन घरोघरी फिरतो आणि सह्या-अंगठे गोळा करतो. बायांनो, कोऱ्या पानावर सही करू नका. 'आधी बसू, बोलू, मग सही' असं एकदा पाच-सहा जणींनी मिळून सांगा. बचत गटाची बैठक असते त्याच दिवशी, त्याच अंगणात महिला सभा लावून घ्या, म्हणजे वेगळं जमावं लागत नाही.

माझ्या एका गावात नळाला पाणी पहाटे तीनला सुटायचं. पंपाच्या विजेची वेळ ती, म्हणून कुणी काही बोलायचं नाही. बायांनी महिला सभेत ठराव केला: साठवण टाकी आदल्या रात्री भरून घ्यावी आणि गावात पाणी सकाळी सहाला सोडावं. खर्च शून्य, फक्त पाणी सोडणाऱ्या माणसाची वेळ बदलायची. तो ठराव ग्रामसभेत वाचला, कुणी विरोध केला नाही, आणि आठवड्याभरात वेळ बदलली. हीच गोष्ट थेट ग्रामसभेत निघाली असती तर दोन्ही पार्ट्यांनी तिचं राजकारण केलं असतं. महिला सभेतून ती गावाच्या बायकांची म्हणून आली, त्यामुळे तिला विरोध करणं कुणालाही जड गेलं. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पण निवडून आलेल्या बाईच्या पाठीशी ठराव करणाऱ्या बाया असतील तरच ती सरपंच म्हणून ठामपणे बोलू शकते. तिच्या मालकांशी बोलू नका, तिच्याशी बोला. 'सरपंचताई, तुमचं मत काय?' असं सभेत विचारा आणि उत्तरासाठी थांबा.

सभेच्या दिवशी

गणपूर्ती म्हणजे कोरम. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या. ६०० मतदारांच्या गावाला ९० माणसं लागतात, २,००० मतदारांच्या गावाला १००. तुमच्या विषयाला पाठिंबा देणारी वीस-पंचवीस माणसं आधीपासून सांगून आणलीत तर गणपूर्तीलाही मदत होते.

गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. इथं गावकरी गाफील राहतात. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते, म्हणजे पंधरा माणसांत गावाचा निर्णय होऊ शकतो. त्या सभेत मूळ पत्रिकेतलेच विषय घ्यायचे असतात, नवीन नाही. म्हणून सभा तहकूब झाल्यावर 'पुढची तारीख, वेळ, ठिकाण आत्ताच सांगा' असं म्हणा आणि त्या दिवशी नक्की जा. मी म्हणेन, त्या दिवशी जास्त माणसं घेऊन जा.

हजेरीच्या वहीत सही सभेत बसल्यावरच करा. सह्या करून चहाला गेलेली माणसं गणपूर्तीत मोजली जातात आणि ठराव त्यांच्या नावावर सर्वानुमते होतो.

सभेचा पहिला विषय बहुतेक ठिकाणी एकच असतो, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. त्या वेळी माणसं जागा शोधत असतात, पोरं आवरत असतात, एकमेकांना रामराम घालत असतात. मला विचाराल तर सबंध सभेतला सगळ्यांत महत्त्वाचा विषय हाच. मागच्या वेळी ठरलेलं आणि वहीत लिहिलेलं जुळतं का, हे बघायची संधी इथं मिळते. एकदा इतिवृत्त कायम झालं की ते बदलणं फार अवघड. दोन माणसं फक्त याच कामासाठी लवकर पाठवा. त्यांनी पुढं बसावं आणि म्हणावं, 'मॅडम, ठराव पूर्ण वाचा, नुसते विषय वाचू नका.' जुळत नसेल तर तिथल्या तिथं हरकत सांगावी आणि ती लिहून घ्यायला लावावी.

अध्यक्ष सरपंच असतात, ते नसतील तर उपसरपंच. बोलताना अध्यक्षांना उद्देशून बोला. समोरच्या पार्टीच्या माणसाकडे तोंड करून बोललात की ते भांडण होतं, आणि भांडणाला इतिवृत्तात 'गोंधळ झाला' एवढीच ओळ मिळते. एका वेळी एकच विषय घ्या. जागा, माणसं, आकडा, हेड, मागणी या क्रमानं तीन मिनिटांत संपवा. 'गेल्या पाच वर्षांत यांनी काय केलं' ही वाट मुळीच धरू नका, त्या वाटेनं गेलेला विषय मी कधी ठरावापर्यंत पोहोचलेला पाहिला नाही. तुम्ही आधी ठरवून ठेवा: मांडणार कोण, सूचक कोण, अनुमोदक कोण. अनुमोदक दुसऱ्या गटातला मिळाला तर फारच चांगलं. त्यासाठी सभेच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसा. वस्तीचा नळ त्याच्याही चुलत भावाच्या दारात येणार असतो.

तलाठी, कृषी सहायक, शिक्षक, आरोग्यसेविका अशा गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनी ग्रामसभेला हजर राहायचं असतं. तुमचा विषय त्यांच्या खात्याचा असेल तर अर्जातच लिहा, 'या विषयासाठी संबंधित कर्मचाऱ्यास उपस्थित राहण्यास कळवावे.' नाहीतर 'माहिती घेऊन सांगतो' म्हणून विषय तीन महिने पुढं जातो.

ठरावाचे शब्द

आता मुख्य काम. इतिवृत्तात असं वाक्य मी शेकडो वह्यांत वाचलं आहे:

'वस्तीवरील पाणी प्रश्नाबाबत सविस्तर चर्चा झाली. याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी असे सर्वानुमते ठरले.'

यातून काही निष्पन्न होत नाही. कुणी करायची, कधी करायची, कशातून करायची, यातलं काहीच त्यात नाही. अभियंत्याला या ठरावावर अंदाजपत्रक करता येत नाही आणि तुम्हाला पुढच्या सभेत जाब विचारता येत नाही. ठराव असा हवा:

'विषय क्र. ४ : खालच्या वस्तीवर पिण्याच्या पाण्याची जोडवाहिनी टाकणे.
ठराव : खालच्या वस्तीवर ४८ कुटुंबे व अंदाजे २४० लोकसंख्या असून तेथे सध्या नळजोडणी नाही. गावातील उंच टाकीपासून वस्तीवरील समाजमंदिरापर्यंत अंदाजे ३५० मीटर लांबीची वितरण वाहिनी टाकून घरोघरी जोडणी द्यावी. सदर कामाचा पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात बंधित निधीतील पाणीपुरवठा शीर्षाखाली समावेश करावा. कामाचे अंदाजपत्रक तयार करून घेण्यासाठी ग्रामपंचायतीने पंचायत समितीकडे १५ दिवसांत पत्र द्यावे. कार्यवाहीचा अहवाल पुढील ग्रामसभेत ठेवावा.
सूचक व अनुमोदक यांची नावे. ठरावाच्या बाजूने … मते, विरोधात … मते, मंजूर.'

हा मजकूर घरूनच लिहून न्या आणि ग्रामसेवकाच्या हातात द्या. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट सभा चालू असताना, चारी बाजूंनी माणसं बोलत असताना, नीट लिहिलेला मसुदा हातात पडला की लिहिणाऱ्याला आधार वाटतो. मी स्वतः असे कागद आनंदानं घ्यायची आणि अध्यक्षांच्या संमतीनं जवळजवळ तसेच उतरवायची. एखादा शब्द नियमाच्या भाषेत बदलावा लागतो, तेवढं चालू द्या. जागा, मीटर, निधीचं शीर्ष, मुदत आणि पुढच्या सभेतला अहवाल, या पाच गोष्टी मात्र गळू देऊ नका.

तुमचा एखाद्या ठरावाला विरोध असेल तर नुसतं उठून जाऊ नका. 'माझा विरोध नावासह नोंदवा, कारण असं असं आहे' म्हणा. उठून गेलेल्यांचा विरोध वहीत दिसत नाही, तिथं सर्वानुमतेच लिहिलं जातं.

सभा संपताना ठराव वाचून दाखवायला सांगा. शेवटच्या ओळीखाली लगेच अध्यक्षांची आणि सचिवाची, म्हणजे ग्रामसेवकाची, सही झाली पाहिजे. मध्ये मोकळ्या ओळी राहिल्या असतील तर त्यांवर आडवी रेघ मारायला लावा. पानाखाली सोडलेल्या मोकळ्या जागेत नंतर ठराव शिरल्याच्या तक्रारी प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतात. आठ-दहा दिवसांनी ठरावाच्या नकलेसाठी अर्ज करा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात मागा. १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत आहे.

काय ठरवता येतं, काय फक्त मागता येतं

एसटीची फेरी, वीज वितरणचा ट्रान्सफॉर्मर, राज्यमार्गावरचा खड्डा यावर ग्रामसभा निर्णय घेऊ शकत नाही, ठराव करून मागणी पाठवू शकते. ती करावी, पण त्यात सगळी सभा घालवू नये. दारूचं दुकान बंद करायचं असेल तर त्याची वाट वेगळी आहे. २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची, मग मतदान होतं, आणि यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याला, मत द्यावं लागतं. फक्त आलेल्यांपैकी निम्म्या पुरत नाहीत. म्हणून तिथं सगळं बळ प्रत्येक बाईला मतदानाला आणण्यात लावा.

स्वतःच्या वागण्याबद्दल मात्र गाव पुष्कळ ठरवू शकतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं थांबवायचं ठरवलं. त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता घ्यायला सांगणारं परिपत्रक काढलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गावानं शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस-केळी नको, असं ठरवून घेतलं. पाऊस किती पडला ते मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं, अशी तिथली रीत आहे. आमच्या पूर्व भागात डाळिंबासाठी हजार फुटांवर बोअर मारणारी गावं मी पाहिली आहेत. हिवरे बाजारसारखा निर्णय एका सभेत हात वर करून होत नाही, हे मला ठाऊक आहे. ज्याच्या शेतात बोअर आहे त्याचंच नुकसान पहिलं होतं, आणि तोही गावचाच असतो.

अशा जड विषयासाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाची पद्धत मला सगळ्यांत पटते. तिथं बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरवतात. आणि ठरवण्याआधी अभ्यासगट बसतो: विषय समजून घेतो, कायदा वाचतो, बाहेरच्या जाणकाराला विचारतो. पण निर्णय अभ्यासगट घेत नाही, ग्रामसभा घेते. याच बळावर त्या छोट्या गोंड गावानं २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवला. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा वेगळा पंचायत कायदा लागू असलेल्या, ग्रामसभांना कायद्यानं जास्त अधिकार आहेत हे खरं, पण अभ्यासगट बसवायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. खडी क्रशरला ना हरकत द्यायची की नाही, गायरानावर काय करायचं, पाणीपट्टी वाढवायची का, असे विषय पहिल्या सभेत फक्त मांडा. पाच-सात जणांचा गट नेमल्याचा ठराव करा, त्यात तीन बाया आणि प्रत्येक वस्तीचं एक माणूस असू द्या, आणि निर्णय पुढच्या सभेत घ्या. घाई करणारा म्हणेल, 'आजच ठराव द्या, फाईल अडलीय.' त्याला नम्रपणे सांगा की गाव इथंच राहणार आहे, तीन महिने थांबा.

ठरावानंतर

ठराव झाला म्हणजे काम झालं नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग देयक, असा तो प्रवास असतो. बहुतेक वेळा ठराव अंदाजपत्रकाच्या टप्प्यावर अडतो, कारण एका अभियंत्याकडे पुष्कळ गावं असतात. महिन्यातून एकदा फोन करून 'आमच्या ठरावाचं अंदाजपत्रक कुठवर आलं' असं विचारणारा एक माणूस गावात ठरवून द्या. रागावून नाही, चौकशी म्हणून. काम चालू झालं की अंदाजपत्रकाची नक्कल घेऊन जागेवर उभे राहा. वाहिनी किती खोल, पाइप किती व्यासाचा, हे त्यात लिहिलेलं असतं. चर बुजवण्याआधीच ते मोजता येतं.

सभाच घेत नसतील तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, प्रत विस्तार अधिकारी (पंचायत) यांना. ठरलेल्या ग्रामसभा पुरेशा कारणाशिवाय न घेणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं, अशी तरतूद कायद्यात आहे. बहुतेक ठिकाणी एवढं लिहिलेला अर्ज पोहोचला की नोटीस निघते.

आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा चुकवू नका. तिथं मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल आणि लेखापरीक्षणातले आक्षेप ठेवायचे असतात. जमाखर्च वाचला जातो, आक्षेप बहुतेकदा वाचले जात नाहीत. ते मागून घ्या. तुमच्या वस्तीच्या कामावर आक्षेप असेल तर रक्कम आणि वर्ष लिहून घ्या, आणि पुढच्या सभेसाठीचा अर्ज त्याच दिवशी, पंचायतीचं कार्यालय उघडं असतानाच द्या. पोहोच घेऊनच निघा.